फेरारीतला झटका आणि आपल्या दारातली एएमटी

"एएमटी नको रे बाबा, झटके मारते."

गेल्या दहा वर्षांत हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती गाडी स्वतः चालवलेलीच नसते. कुणाच्या तरी मेव्हण्याने चालवलेली असते. पण निकाल लागलेला असतो आणि त्यावर अपील नाही.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे वाक्य आपल्याकडे सेलेरिओ-टियागो आल्यावर जन्माला आलेलं नाही. ते आधी इटलीत, जर्मनीत, अमेरिकेत म्हटलं गेलं. आणि तेही फेरारी, बीएमडब्ल्यू, लॅम्बोर्गिनी, ॲस्टन मार्टिन असल्या गाड्यांबद्दल. कोट्यवधींची गाडी घेणारा तिकडचा धनिक आणि कर्ज काढून पाच-सहा लाखांची गाडी घेणारा आमच्या चिपळूणचा माणूस, दोघांची तक्रार जवळजवळ शब्दाला शब्द सारखी. म्हणून म्हटलं, याच्या मुळाशी जाऊ.

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. मी इंजिनियर नाही. पंचायत समितीच्या सभा, पाणीटंचाई आणि महामार्गाचे खड्डे यांच्या बातम्या देणारा माणूस. गाड्यांचं वेड मात्र शाळेपासूनचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही: हा गिअरबॉक्स बदनाम झाला तो मुख्यतः, तो जे नव्हता ते म्हणून विकला गेला म्हणून. आणि त्या बदनामीचं बिल विकणाऱ्याने कधीच भरलं नाही, ते घेणाऱ्याने भरलं.

आधी यंत्र समजून घेऊ.

एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. नावातच मॅन्युअल आहे, ते विसरू नका. आत आपला नेहमीचाच गिअरबॉक्स, तेच दातेरी गिअर, तीच क्लच प्लेट. फरक एवढाच की क्लच दाबायला तुमचा डावा पाय नाही आणि गिअर टाकायला डावा हात नाही. ती दोन्ही कामं तेलाच्या दाबावर किंवा छोट्या मोटरवर चालणारी यंत्रणा करते आणि तिला हुकूम देतो कॉम्प्युटर. पाय यंत्राचा, क्लच तुमचाच.

खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. तेलातून ताकद जाते, म्हणून सगळं मऊ. एएमटीत मध्ये घासणारी प्लेट असते. गिअर बदलताना ती क्षणभर सुटते, चाकांना जाणारी ताकद तुटते, गाडी मान टाकते आणि परत उचलते.

आता विचार करा, साधी मॅन्युअल गाडी चालवताना हेच होत नाही का? होतंच की. पण तिथे क्लच तुम्ही दाबता. दाबतानाच ॲक्सिलरेटरवरचा पाय तुम्ही नकळत उचलता, शरीर तयार असतं. एएमटीत कॉम्प्युटर न सांगता क्लच सोडवतो आणि तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. झटका बसतो तो इथे. एका गाडीला दोन ड्रायव्हर आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

एवढं डोक्यात ठेवून आता इटलीत चला.

१९८९ सालचा फॉर्म्युला वनचा हंगाम. फेरारीसाठी जॉन बर्नार्ड नावाच्या इंग्रज डिझायनरने ६४० नावाची रेसकार बनवली. त्याला गिअरचा दांडाच नको होता. दांडा गेला की ड्रायव्हरच्या बाजूची जागा वाचते, गाडीचं नाक आणि कूस अरुंद करता येते, हवा कापायला सोपं. म्हणून त्याने स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या. एक ओढली की गिअर वर, दुसरी ओढली की खाली. आज तरुण पोरं ज्याला पॅडल शिफ्ट म्हणतात त्याची फॉर्म्युला वनमधली सुरुवात ही.

सरावात ती गाडी सारखी बंद पडायची. पहिली शर्यत ब्राझीलमध्ये. निगेल मॅन्सेलने म्हणे गाडी लवकरच बंद पडणार असं धरून घरी जायचं आधीचं विमान बुक करून ठेवलं होतं. आणि त्याच शर्यतीत तो जिंकला! पुढे त्या हंगामात गाडी अनेकदा अर्ध्यावर थांबली, पण चालली तेव्हा तिने एकूण तीन शर्यती जिंकून दिल्या. काही वर्षांत सगळ्या संघांनी ही पद्धत उचलली. फॉर्म्युला वनमधून गिअरचा दांडा गेला तो गेलाच.

म्हणजे ज्याला आपण "झटके मारणारा स्वस्तातला जुगाड" म्हणतो, त्याचं घराणं हे आहे.

घोळ झाला तो नंतर. १९९७ मध्ये फेरारीने हीच कल्पना रस्त्यावरच्या एफ३५५ गाडीत आणली आणि गिअरबॉक्सला नाव दिलं 'एफ१'. नाव ऐकूनच खिसा सैल व्हावा असं. मॅन्युअलपेक्षा जास्त पैसे मोजून लोकांनी घेतला. पुढे १९९९ ची ३६० मोडेना आली. सचिनला २००२ मध्ये शूमाकरच्या हस्ते मिळालेली आणि नंतर कस्टम ड्युटीवरून संसदेपासून कोर्टापर्यंत गाजलेली ती ३६० मोडेना आठवते ना, तेच मॉडेल. ते साध्या मॅन्युअलमध्येही मिळायचं आणि या एफ१ गिअरबॉक्समध्येही. त्यानंतर एफ४३० येईपर्यंत बहुतेक गिऱ्हाईक एफ१ च मागायला लागलं. मॅन्युअल मागणारा जुनाट ठरला.

एकट्या फेरारीचंच नाही. बीएमडब्ल्यूने एम३ मध्ये एसएमजी आणला. लॅम्बोर्गिनीने ई-गिअर, मासेरातीने कांबिओकोर्सा, अल्फा रोमिओने सेलेस्पीड, ॲस्टन मार्टिनने व्हँक्विशमध्ये तोच प्रकार. नावं वेगवेगळी, आत एकच कल्पना: मॅन्युअल गिअरबॉक्सला यंत्राचा पाय.

शर्यतीच्या ट्रॅकवर हा गिअरबॉक्स उत्तम का चालतो ते बघा. तिथे ड्रायव्हर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, इंजिन किंचाळत असताना गिअर बदलतो. कॉम्प्युटरला माहीत असतं की आता फक्त वेग हवाय, मऊपणा नकोय. खाडकन बदल. तिथे कुणी गाडी रिव्हर्समध्ये चढावर लावत नाही, सिग्नलला फूट-फूट सरकत नाही, शेजारी सासूबाई बसलेल्या नसतात.

रस्त्यावर नेमकं उलटं. रोममधला ट्रॅफिक असो की मुंबईतला, गाडी सरकते पायी चालण्याच्या वेगाने. कॉम्प्युटरला क्लच अर्धवट धरायचा असतो. जे आपण शिकाऊ असताना पायाने शिकलो, आणि शिकताना चार वेळा गाडी बंद पाडली, ते त्याने तेलाच्या दाबावर करायचं. त्या काळचा कॉम्प्युटर, त्या काळचे सेन्सर. क्लच तापायचा, घासायचा, वास यायचा. जोरात चालवा तर मजा, हळू चालवा तर सजा.

मग बिलं यायला लागली. फेरारीचा क्लच बदलायचा खर्च आपल्या पैशात लाखांत जातो. गंमत म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीचा क्लच काही हजार किलोमीटरांत संपायचा आणि दुसरीचा त्याच्या कितीतरी पट चालायचा. गाडी तीच, चालवणारा वेगळा. जुनी एफ४३० घेणारे लोक आजही किलोमीटरच्या आधी विचारतात, क्लच किती टक्के झिजलाय? कारण गाडीला कॉम्प्युटर जोडला की तो आकडा दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बीएमडब्ल्यूची गोष्ट तर अजून बोलकी. २००५ मध्ये एम५ आली. दहा सिलिंडरचं इंजिन, ५०७ अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स फक्त एसएमजी, सात गिअरचा. त्यात गिअर बदलण्याच्या तऱ्हा किती दिल्या होत्या? अकरा! सहा हाताने बदलायच्या, पाच आपोआपच्या. माझं म्हणणं, ज्या यंत्राला अकरा तऱ्हा द्याव्या लागतात त्याच्या मालकालाच खात्री नसते की गिऱ्हाईकाला नक्की काय हवंय. अमेरिकेतल्या लोकांनी एवढा आरडाओरडा केला की कंपनीला त्यांच्यासाठी मुद्दाम साधा सहा गिअरचा मॅन्युअल द्यावा लागला. एवढ्या पुढारलेल्या गाडीत!

२००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये डीएसजी आणला, म्हणजे दोन क्लचवाला गिअरबॉक्स, डीसीटी. एका क्लचवर चालू गिअर, दुसऱ्यावर पुढचा गिअर आधीच तयार. ताकद तुटतच नाही, झटका नाही. २००८ मध्ये पोर्शे ९११ मध्ये, फेरारीच्या कॅलिफोर्नियात आणि बीएमडब्ल्यूच्या एम३ मध्ये डीसीटी आला. २००९ च्या फेरारी ४५८ मध्ये तर दुसरा पर्यायच ठेवला नाही. झालं. एका क्लचवाला गिअरबॉक्स रातोरात भंगार ठरला.

तटून उभी राहिली ती लॅम्बोर्गिनी. २०११ च्या ॲव्हेंटाडोरमध्ये त्यांनी एकाच क्लचचा गिअरबॉक्स ठेवला. कारण सांगितलं वजन, जागा आणि गिअर बदलताना पाठीत बसणारा तो धक्का. हो, धक्काच! गिऱ्हाईकाला तो हवा असतो म्हणे. सगळ्या परीक्षकांनी अकरा वर्षं शिव्या घातल्या आणि २०२२ पर्यंत अकरा हजारांहून जास्त ॲव्हेंटाडोर विकल्या गेल्या. पगानीने हुआइरात वजन वाचवायला हाच मार्ग धरला. लेक्ससने एलएफए या गाडीत तोच घेतला, गिअर पडल्याचं जाणवलं पाहिजे म्हणून. एलएफए फक्त ५०० बनल्या आणि आज त्यांच्या किमती नव्या गाडीच्या किमतीच्याही वर गेल्यात.

आता मला सांगा, बदनामी नक्की कशाची?

फेरारी एन्झो बघा. २००२ ची, चारशेच बनल्या. त्यात एफ१ गिअरबॉक्सशिवाय दुसरा पर्यायच नव्हता. लिलावात कुणी म्हणतं का, एएमटी आहे, जरा कमी करा? बीएमडब्ल्यूची एम३ सीएसएल घ्या. तीही फक्त एसएमजीच. आजही तिच्या नावाने लोक हात जोडतात. पण तोच एसएमजी साध्या एम३ मध्ये असला की लोक कारागिराकडे जाऊन तो काढून तिथे मॅन्युअल बसवून घेतात. ॲस्टन मार्टिनने तर व्हँक्विशमधला गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवून द्यायची सोय स्वतःच्या कारखान्यातच सुरू केली होती.

म्हणजे दुर्मीळ गाडीत झटका असला तर तो तिचा स्वभाव, आणि चारचौघांच्या गाडीत असला तर तो दोष. पाटलाचा पोरगा वाकडं बोलला तर करारी, गड्याचा पोरगा बोलला तर उद्धट. यंत्राच्या अब्रूलाही जात-वर्ग असतो, असं आता माझं मत झालंय.

आणि जी फेरारी नवी असताना एफ१ साठी जास्त पैसे मोजले, तीच गाडी आज मॅन्युअलमध्ये असेल तर कितीतरी चढ्या भावाने जाते. यंत्र तेच आहे. माणसांचं मत फिरलं. म्हणून यंत्राच्या नावाने लागलेला निकाल वाचताना मी आधी बघतो, की निकाल देणाऱ्याचं काय विकायचंय.

आता इटलीतून थेट आपल्या दारात.

त्या काळच्या फेरारीच्या एफ१ गिअरबॉक्समागे जी कंपनी होती तिचं नाव मॅग्नेती मारेल्ली. इटलीतली जुनी कंपनी, १९१९ ची. २०१४ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली, भारतातली पहिली एएमटी कार. तिची ती यंत्रणा कुणाची? मॅग्नेती मारेल्लीचीच. म्हणजे गल्लीतल्या मास्तरांची सेलेरिओ आणि फेरारी ३६० ही दूरच्या नात्यातली भावंडं आहेत. एक महालात वाढलं, एक चाळीत.

त्याआधी आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचा लाड. लाखभर रुपये जास्त आणि ॲव्हरेजला मार. एएमटीने दोन्ही अडचणी काढल्या. मॅन्युअलपेक्षा साधारण चाळीसएक हजार जास्त, आणि कागदावरचं ॲव्हरेज तेवढंच, लिटरला तेवीस किलोमीटर. लोकांनी महिनोन्‌महिने नंबर लावले. मग टाटाची झेस्ट आली, २०१५ मध्ये नॅनोतही आली, पुढे टियागो, क्विड, वॅगनआर, सँट्रो. रांगच लागली.

याने कुणाचं भलं झालं? ज्याचा डावा गुडघा गेलाय त्याचं. ज्या बाईला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये "क्लच जमत नाही तुम्हाला" म्हणून हिणवलं गेलं तिचं. पोलिओने डावा पाय अधू असलेल्याचं. साठीनंतर गाडी शिकणाऱ्याचं. या लोकांना गिअर किती मिलिसेकंदांत बदलतो याच्याशी घेणं-देणं नाही. त्यांना गाडी स्वतः चालवत बाजारात, दवाखान्यात, लेकीकडे जायचंय. स्वस्त दोन पेडलच्या गाडीने त्यांना जे स्वातंत्र्य दिलं ते बाकी कुठल्याच गिअरबॉक्सने त्या किमतीत दिलेलं नाही. "एएमटी नको रे बाबा" म्हणताना आपण हे विसरतो.

पण विकताना इटलीत जी चूक झाली तीच इथे झाली. तिकडे 'एफ१' म्हणून विकला, इथे 'ऑटोमॅटिक' म्हणून.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर. गुडघ्यांचं दुखणं, म्हणून एएमटी घेतली. शोरूममध्ये सांगितलं, "सर, ऑटोमॅटिक आहे, फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, बाकी काही बघायचं नाही." मास्तरांनी खरंच बाकी काही बघितलं नाही. कराडला लेक दिलीय, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचा. घाटात ट्रक अडकला, रांग लागली की मास्तर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी चढावर धरून ठेवायचे. गाडी मागे जात नाही म्हणून खूश. आत क्लच प्लेट जळत होती. दीड वर्षात क्लच गेला. वर्कशॉपमध्ये काय ऐकायला मिळालं? "सर, एएमटी म्हणजे असंच असतं." वॉरंटीत बसत नाही, झिजणारा भाग आहे.

मास्तरांनी मला विचारलं, "ऑटोमॅटिकमध्ये क्लच असतो?" पेन्शनीतून पैसे भरल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या गाडीत क्लच आहे!

मी वर्कशॉपचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका दुकानाचा दोष नाही. सगळीकडे असंच चाललंय. मालकाच्या पुस्तकात सहसा लिहिलेलं असतं, की चढावर गाडी ॲक्सिलरेटरने धरू नका, ब्रेक वापरा. पण मास्तरांच्या गाडीतलं पुस्तक इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ग्लोव्ह बॉक्समध्ये. गणपतीचा फोटो आणि पीयूसीच्या खाली.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकाराने कमिशन खाल्लं.

एक, या यंत्रणेचे खरे दोष होते आणि आहेत. बीएमडब्ल्यूच्या एसएमजीचा तेलाचा पंप जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. हे चालवणाऱ्याचं पाप नव्हे. स्वस्त एएमटीतही ॲक्च्युएटर जातात. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना हिल होल्ड नव्हता, म्हणजे चढावर ब्रेक सोडला की गाडी मागे यायची. आमच्या परशुराम घाटात मागे कंटेनर उभा असताना हे किती भीतीचं असतं ते सांगायला नको.

दोन, झटका काही पूर्ण जात नाही. सेन्सर सुधारले, प्रोग्रॅम सुधारले, आजची एएमटी २०१४ च्या मानाने कितीतरी शहाणी आहे. तरी ताकद तुटते म्हणजे तुटते. ज्याला ओव्हरटेकच्या वेळी गाडी लगेच उसळायला हवी, त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याला जोरात चालवायची हौस आहे त्याने मॅन्युअल घ्यावी, परवडत असेल तर डीसीटी घ्यावी. मी कुणाला एएमटी गळ्यात मारायला आलेलो नाही.

पण डीसीटीही काही धुतल्या तांदळाची नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या तक्रारींमुळे एकट्या चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आणि ज्या फॉर्म्युला वनच्या नावाने एवढा बाजार मांडला, त्या गाड्यांत आजही डीसीटी नाही. त्यांचा गिअरबॉक्स फार पुढे गेलाय, अखंड ताकद देतो, पण क्लच एकच.

ज्यांना वाटतं की एएमटी मुळातच टाकाऊ कल्पना आहे, त्यांनी मोठे ट्रक बघावेत. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांत आज बारा गिअरची एएमटी सर्रास असते. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ पासून आहे. मालासकट चाळीस टन वजन घेऊन आल्प्सचे घाट चढतात-उतरतात. तिथे कुणी "झटके मारते" म्हणत नाही. का? ट्रकच्या ड्रायव्हरला ती काय आहे ते नीट शिकवलं जातं, आणि त्याची अपेक्षा लाडाची नसते, कामाची असते. यंत्र तेच. अपेक्षा बरोबर ठेवली, शिकवणं बरोबर झालं, की अब्रूही राहिली.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली: शोरूमवाल्यांनी एएमटीला नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणणं बंद करावं. "ही मॅन्युअल गाडी आहे, क्लच यंत्र दाबतं, आत क्लच प्लेट आहे आणि ती झिजते" हे वाक्य गिऱ्हाईकाला त्याच्या भाषेत सांगावं आणि त्याखाली सही घ्यावी. विम्याच्या दहा कागदांवर सह्या घेता, अकरावा जड नाही.

दुसरी: टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर नको, चढावर द्या. थांबवा, परत उचलायला लावा. दहा मिनिटांत सगळं कळतं.

तिसरी: मालकाच्या पुस्तकातली निदान चार पानं मराठीत छापून द्या. महाराष्ट्रात एवढ्या गाड्या बनतात आणि विकल्या जातात, चार पानांचा खर्च तो काय.

चौथी, आणि ही महत्त्वाची: जुनी एएमटी विकताना क्लचची स्थिती लेखी द्यावी. फेरारीवाल्याला क्लचची टक्केवारी बघायला मिळते. सेलेरिओवाल्याने काय घोडं मारलंय? ज्या गाडीचा आकडा स्कॅनरवर येतो तिचा द्या, येत नसेल तर मेकॅनिकने चढावर तपासून लिहून द्यावं. आज जुन्या बाजारात "एएमटी आहे, भाव पडतो" म्हणून विकणाऱ्याला कमी देतात, आणि तीच गाडी "ऑटोमॅटिक आहे" म्हणून घेणाऱ्याला चढ्या भावाने देतात. बदनामीचा असा दोन्ही बाजूंनी धंदा चाललाय.

आणि ज्यांच्याकडे एएमटी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, अनुभवाच्या:

चढावर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलरेटरवर कधीच नाही. चढ जास्त असेल तर हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर देत गाडीने पुढे जोर घेतला की सोडा.

गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करा. आठवड्याभरात अंदाज येतो आणि झटका निम्म्याहून कमी होतो.

मॅन्युअल मोड असेल तर घाटात तो लावा. चढताना दुसऱ्यात ठेवा, उतरतानाही खालचाच गिअर ठेवा. कॉम्प्युटरला पुढचं वळण दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

ट्रॅफिकमध्ये फूट-फूट सरकू नका. जरा जागा होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. लांब सिग्नल असेल तर न्यूट्रल.

या चार गोष्टी कुणी मास्तरांना गाडीच्या चावीबरोबर सांगितल्या असत्या तर त्यांची एक पेन्शन वाचली असती.

वेगवान गाड्यांच्या जगात एका क्लचची एएमटी आता संपल्यात जमा आहे. ॲव्हेंटाडोरनंतर आलेल्या रेव्हुएल्टोत लॅम्बोर्गिनीनेही शेवटी डीसीटी घेतला. उद्या इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की गिअर बदलायचा प्रश्नच बहुतेक संपेल. पण आपल्या रस्त्यांवर आज ज्या लाखो एएमटी धावतायत त्या अजून दहा-पंधरा वर्षं धावणार आहेत, एका हातातून दुसऱ्या हातात जाणार आहेत. तिसऱ्या मालकापर्यंत पोचेल तेव्हा ती गाडी कुणा रिक्षावाल्याच्या, कुणा अंगणवाडी सेविकेच्या दारात असेल. फेरारीवाल्याने क्लच जळाला म्हणून नाक मुरडलं आणि दुसरी गाडी घेतली. यांना तो चैनीचा मार्ग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी बघायला गेलात, नवी असो की जुनी, तर सेल्समनला एकच प्रश्न विचारा: "यात क्लच प्लेट आहे का?" काय उत्तर मिळतं ते मला कळवा. "नाही सर, ऑटोमॅटिक आहे" असं म्हणाला, तर तिथून सरळ उठा आणि दुसऱ्या दुकानात जा.